गाडी फोडायचं हत्यार नुसतं जवळ असणं गुन्हा कसा ठरतो?

फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडा सरकारने जाहीर केलं की फ्लिपर झिरो नावाचं, रेडिओ सिग्नल पकडणारं-सोडणारं, हातात मावणारं यंत्र आणि त्यासारख्या बाकीच्या वस्तूंवर बंदी आणायची, कारण गाड्या फार चोरीला जातायत. झालं, गदारोळ सुरू. ज्यांच्या गाड्या गेल्या होत्या ते म्हणाले बरं झालं, इतके दिवस काय करत होते, आणि सिक्युरिटीच्या क्षेत्रातले लोक म्हणाले की अहो या यंत्राने आजच्या गाड्या चोरून नेता येतच नाहीत, तुम्ही भलत्याच वस्तूच्या मागे लागलाय. मार्चमध्ये सरकारने सूर बदलला, सरसकट बंदी नाही, फक्त कायदेशीर काम करणाऱ्यांच्या हातात ते राहील असं बघू म्हणाले. पुढे वर्षभरात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ब्रिटनच्या संसदेत क्राइम अँड पोलिसिंग नावाचं विधेयक आलं, त्यात गाडीचोरीसाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं जवळ बाळगणं, बनवणं, आयात करणं, विकणं या सगळ्यालाच ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद मांडली.

अशा बातम्या आल्या की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, चोरी झालीच नाही, मग नुसती एक वस्तू सापडली म्हणून माणसाला आत कसं टाकता? दुसरा बरोबर उलटा, असली यंत्रं ऑनलाइन उघड विकली जातायत आणि कायदा गप्प कसा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ती जागा नीट समजली की पुढच्या वेळी कुठलाही देश असा कायदा आणतोय म्हटल्यावर तो बरा की वाईट हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

चोरीच्या आधी काय काय घडतं

कुठल्याही गुन्ह्याच्या साधारण चार पायऱ्या धरतात. आधी मनात इरादा, मग तयारी, मग प्रयत्न, मग प्रत्यक्ष गुन्हा. नुसत्या इराद्याला शिक्षा नाही हे सगळ्यांना पटतं, मनात काय चाललंय ते कोण बघणार. प्रयत्नाला शिक्षा आहे हेही पटतं, कुलपात तार घालून खटपट करताना पकडलं तर दार उघडलं नाही म्हणून कोणी सोडून देत नाही.

भांडण आहे ते मधल्या पायरीवर, म्हणजे तयारीवर. बहुतेक कायदे तयारीला हात लावत नाहीत, आणि त्याला चांगलं कारण आहे, तयारी केलेला माणूस ऐनवेळी मागे फिरू शकतो, आणि तयारी म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा साधं रोजचं काम असतं. पण काही गुन्ह्यांत कायद्याला वाटतं की प्रयत्नापर्यंत थांबलो तर फार उशीर होईल. दरोड्याची तयारी किंवा खोटी नाणी पाडायची साधनं बाळगणं हे भारताच्या कायद्यात फार पूर्वीपासून स्वतंत्र गुन्हे आहेत ते याच कारणाने. गाडी चोरायची हत्यारं बाळगणं हा गुन्हा त्याच पंगतीतला. गाडी आज काही मिनिटांत जाते, प्रयत्न सुरू झाला आणि पोलिस तिथे पोचले असं क्वचितच होतं. रात्री रस्त्यात अडवलं तेव्हा बॅगेत सामान सापडलं, हेच त्यांच्या हाती लागतं.

इंग्लंडने हे कसं लिहिलं

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ चा थेफ्ट अॅक्ट आहे, त्याचं कलम २५. सोप्या भाषेत सांगायचं तर, राहत्या जागेबाहेर असताना घरफोडी किंवा चोरीसाठी वापरायची कुठलीही वस्तू जवळ असणं हा गुन्हा, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी घेऊन जाणं हा तिकडे वेगळा गुन्हा आहे, पण या कलमापुरतं त्यालाही चोरीच धरतात.

यात हत्यारांची यादी नाहीये, कुठलीही वस्तू म्हटलंय. मग तर सगळेच अडकतील असं वाटेल. तसं होत नाही कारण वस्तू नंतर येते, आधी इरादा सिद्ध करावा लागतो, आणि तो सरकार पक्षाने करायचा. फक्त एक सवलत आहे, वस्तू मुळात चोरीसाठीच बनवलेली किंवा त्यासाठी बदल करून घेतलेली असेल तर ती जवळ असणं हाच तशा वापराचा पुरावा म्हणून मांडता येतो. म्हणजे साध्या पकडीबद्दल सरकार पक्षाला बरंच काही सांगावं लागेल, पण कानशी मारून कुठल्याही कुलपात बसेल अशी केलेली चावी स्वतःच बरंच बोलते.

आणि कलमातला एकेक शब्द कोर्टात कसा ताणला जातो ते बघण्यासारखं आहे. १९७४ च्या एका निकालात कोर्टाने म्हटलं की हे कलम पुढे होणाऱ्या चोरीसाठी आहे, झालेल्या चोरीत वापरलेलं सामान कोणी लपवायला किंवा फेकून द्यायला निघाला असेल तर तो या कलमात बसत नाही, त्याच्यासाठी दुसरी कलमं बघा. १९७७ मध्ये एक माणूस म्हणाला मी गाडीतच राहतो, तेव्हा हे सामान माझ्या राहत्या जागेत होतं, मी बाहेर नव्हतोच. कोर्टाने ऐकलं नाही. गाडी एखाद्या ठिकाणी मुक्कामाला लावलेली असेल तर ती राहती जागा म्हणता येईल, रस्त्यावर धावत असताना नाही.

कॅलिफोर्नियाने यादी केली आणि चिनीमातीपाशी अडकली

दुसरा रस्ता म्हणजे हत्यारांची नावंच कायद्यात लिहून टाकायची. कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेचं कलम ४६६ वाचा, पहार, स्क्रू ड्रायव्हर, पकड, काचेच्या फटीतून सरकवायची पट्टी जिला तिकडे स्लिम जिम म्हणतात ती, कुलूप उघडायची पिस्तूल, बंप की, मास्टर चावी अशी लांबलचक यादी आहे आणि त्यात एक अनपेक्षित नाव आहे, स्पार्क प्लगच्या चिनीमातीचे तुकडे.

स्पार्क प्लगचा पांढरा भाग फार कठीण सिरॅमिकचा असतो. गाडीच्या खिडकीची काच टफन केलेली असते, म्हणजे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण असा मुद्दाम साठवून ठेवलेला असतो म्हणून ती एरवी धक्के सोसते, पण एका बिंदूला खोल तडा गेला की तो सगळा साठा एकदम सुटतो आणि अख्खी काच बारीक दाण्यांत खाली येते. हे चोरांना कळलं. एवढासा तुकडा, खिशात कुणाला दिसणार नाही, आवाज पण फारसा नाही.

२००१ मध्ये असे तुकडे बाळगल्याची एक केस तिथल्या अपील कोर्टात गेली. तेव्हा यादीत हे नाव नव्हतं, यादीच्या शेवटी फक्त 'किंवा इतर साधन' असे शब्द होते. सरकार पक्ष म्हणाला त्यात हे बसतं. कोर्ट म्हणालं नाही बसत, यादीतल्या वस्तू बघा, त्या कुलूप उघडायच्या किंवा दार उचकटायच्या जातीच्या आहेत, काचेवर फेकायचा तुकडा त्या जातीचा नाही, आणि दंड कायद्याचे शब्द आम्ही आमच्या मनाने वाढवणार नाही. आरोपी त्या आरोपातून सुटला. मग कायदेमंडळाने यादीत ते तुकडे नाव घेऊन घातले.

लोकांना वाटतं तांत्रिक मुद्द्यावर चोर सुटला. मला मात्र तो निकाल बरोबर वाटतो. काय केलं तर गुन्हा होतो हे आधी लिहिलेलं असलं पाहिजे, नंतर ओढूनताणून बसवायचं नाही. पण यादीचा तोटाही यातून दिसतोच, चोर नवीन वस्तू शोधतो तेव्हा यादी जुनीच असते.

स्क्रू ड्रायव्हर तर माझ्याही डिकीत आहे!

हो, आणि तुम्ही गुन्हेगार नाही. यादीत नाव आहे म्हणून स्क्रू ड्रायव्हर बाळगणं गुन्हा होत नाही, कॅलिफोर्नियातही नाही. सोबत घुसायचा इरादा पाहिजे.

मग इरादा दिसतो कसा? माणूस कबूल करत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरवतात. वेळ कोणती होती, पार्किंगमध्ये तो काय करत होता, एकेका गाडीचं हँडल ओढून बघत होता का, अंगावर हातमोजे आणि चेहऱ्यावर कापड होतं का, पोलिस दिसल्यावर त्याने बॅग फेकली का, फोनमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर आणि फोटो होते का, त्याच्याकडे एकाच कंपनीच्या डझनभर कोऱ्या चाव्या होत्या का आणि त्या कशासाठी याचं दर वेळी वेगळं उत्तर देत होता का. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. पाच-सहा एकत्र आल्या की मात्र चित्र उभं राहतं. तोच स्क्रू ड्रायव्हर दिवसा मेकॅनिकच्या पेटीत आहे आणि पेटीवर ग्रीस आहे, तर कोणी विचारणार पण नाही.

इथेच एक खरी भीती आहे आणि ती झटकून टाकू नये. परिस्थितीवरून इरादा ठरवायचा म्हणजे पोलिसांच्या नजरेला खूप महत्त्व आलं, आणि नजर सगळ्यांकडे सारखी बघत नाही. गरीब दिसणारा, रात्रपाळीवरून येणारा, ज्याला त्या भागाची भाषा धड येत नाही असा माणूस लवकर संशयित होतो. म्हणून इरादा सिद्ध करायची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न फक्त वकिलांचा नाहीये, त्याकडे येतोच. त्याआधी नवी यंत्रं समजून घेऊ, कारण सगळा वाद त्यांच्यामुळे नव्याने पेटलाय.

चावी न चोरता गाडी कशी जाते

आताच्या बऱ्याच गाड्यांत चावी खिशातच राहते, दाराजवळ गेलं की कुलूप उघडतं. होतं काय की गाडी कमी ताकदीचा रेडिओ सिग्नल सोडते, साधारण १२५ किलोहर्ट्झचा, तो एक-दोन मीटरच्या पुढे फारसा जात नाही. चावीला तो ऐकू आला की ती ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर गुप्त कोड वापरून उत्तर देते. गाडी असं धरून चालते की उत्तर आलं म्हणजे चावी जवळच आहे.

रिले अटॅक या गृहीतकावरच होतो. समजा दारावरचा पहारेकरी हळू आवाजात आजचा परवलीचा शब्द विचारतो, आणि खरा उत्तर देणारा लांब घरात बसलाय. मध्ये दोन माणसं उभी राहिली, एकाने प्रश्न ऐकून दुसऱ्याला फोनवर सांगितला, दुसऱ्याने घराच्या खिडकीशी जाऊन विचारला, उत्तर त्याच वाटेने परत आलं, पहारेकऱ्याने दार उघडलं. त्या दोघांना परवलीचा शब्द फोडावा लागला नाही, नुसता पोचवावा लागला. म्हणून कोड कितीही अवघड केला तरी या प्रकाराला फरक पडत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेल्स तपासून हे दाखवलं होतं, सगळ्या गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या. त्यांचा निबंध २०११ चा आहे. तारखेकडे लक्ष द्या, पुढे लागेल.

दुसरा प्रकार गाडीच्या आतल्या वायरिंगवरून जातो. गाडीत बरेच छोटे कॉम्प्युटर असतात, ते कॅन बस नावाच्या वायरींच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात आणि बऱ्याच गाड्यांत एकमेकांवर आंधळा विश्वास ठेवतात. बाहेरून त्या वायरपर्यंत पोचून 'चावी पटली, दार उघड' असा खोटा निरोप घुसवला की काम झालं. २०२३ मध्ये लंडनमधल्या एका चोरीचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं यंत्र चक्क ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात बसवलेलं होतं. कोणी बघितलं तरी स्पीकरच दिसणार.

तिसरा प्रकार, नवीन चावी गाडीशी जोडून देणारा प्रोग्रामर. आणि हा सगळ्यात अवघड, कारण चावी हरवल्यावर कुलूप-चावीवाला अगदी हेच यंत्र आणून तुम्हाला मदत करतो.

या तिघांत फरक आहे हे कायदा करताना पहिल्यांदा बघायला पाहिजे. स्पीकरच्या खोक्यात लपवलेल्या यंत्राचा प्रामाणिक उपयोग काय? मला एकही सुचत नाही. प्रोग्रामरचा प्रामाणिक उपयोग मात्र रोज होतो. फ्लिपर झिरोचं आणखी वेगळं, ते शिकण्या-तपासण्याचं सर्वसाधारण रेडिओ साधन आहे, दर वेळी बदलणारा कोड असलेल्या गाडीपुढे ते नुसतं जुना सिग्नल वाजवून काही करू शकत नाही. तिघांना एकाच दोरीने बांधलं की कायदा एक तर निकामी होतो किंवा निरपराधांना छळतो.

सिद्ध कुणी करायचं

आता मुख्य गोष्ट. गुन्ह्याच्या खटल्यात साधारण नियम असा की आरोप सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं, आरोपीने गप्प बसलं तरी चालतं. हत्यारांच्या कायद्यांत मात्र हा नियम वाकवायचा मोह फार होतो, कारण इरादा सिद्ध करणं कटकटीचं असतं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा १९०० चा क्राइम्स अॅक्ट घ्या, कलम ११४. गाडीत शिरायला किंवा ती चालवून न्यायला वापरता येईल असं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ असणं हा गुन्हा, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. 'वापरता येईल' हे शब्द परत वाचा. इथे चोरीच्या इराद्याचा उल्लेख नाही, कारण काय ते सांगायची वेळ तुमच्यावर. ब्रिटनचं २०२५ चं विधेयक पण त्याच दिशेने जातं. यंत्र गाडीचोरीत वापरलं जाईल असा वाजवी संशय परिस्थितीवरून येत असेल तर ते जवळ असणं हा गुन्हा, आणि माझा तसा इरादा नव्हता, मला तशी शंकाही नव्हती, हे दाखवायचं आरोपीने. सरकारचं म्हणणं असं की जुन्या कलम २५ मध्ये टोळ्या सुटतात, यंत्र ने-आण करणारा वेगळा, चोरणारा वेगळा, आणि ने-आण करणाऱ्याचा इरादा सिद्ध करता येत नाही.

कॅनडा एका बाबतीत उलटा गेला. तिथल्या फौजदारी संहितेचं कलम ३५१ घर, गाडी किंवा तिजोरी फोडायच्या साधनांबद्दल आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. पूर्वी त्यात परिस्थितीवरून अनुमान निघालं की पुरायचं आणि कायदेशीर कारण आरोपीने सिद्ध करायचं असे शब्द होते. २०१८ च्या दुरुस्तीत ते गेले, आता ती वस्तू फोडायला वापरली गेलीय किंवा वापरली जाणार आहे हे आरोपीला माहीत होतं असं दाखवावं लागतं. मग २०२४ मध्ये त्यांनी गाडीचोरीच्या यंत्रांसाठी वेगळे गुन्हे आणले, पण तिथेही यंत्र चोरीच्या हेतूने बाळगणं किंवा पुरवणं हाच गाभा ठेवला.

माझं मत विचाराल तर, भार उलटवायचा असेल तर तो फक्त अशा यंत्रांपुरता उलटवावा ज्यांना प्रामाणिक उपयोग जवळपास नाहीच. स्पीकरमध्ये लपवलेलं यंत्र सापडलं तर 'हे काय आहे ते सांग' असं विचारण्यात अन्याय नाही. पण वापरता येईल अशा कुठल्याही साधनाला तोच नियम लावला तर हातोडी, तार, लॅपटॉप सगळंच आलं, आणि मग कोणाला पकडायचं ते कायदा ठरवत नाही, अडवणारा ठरवतो.

मग विकणाऱ्याचं काय?

बाळगणाऱ्यावर एवढी चर्चा होते आणि विकणारा नामानिराळा राहतो असं लोकांना वाटतं, पण काही देशांनी हे फार आधी ओळखलं होतं. कॅनडाच्या संहितेचं कलम ३५३ मास्टर चाव्यांबद्दल आहे, म्हणजे एका मालिकेतल्या अनेक गाड्यांची कुलपं किंवा इग्निशन चालवू शकेल अशी चावी. ती विकायची, विकायला ठेवायची किंवा तिची जाहिरात करायची तर प्रांताच्या अॅटर्नी जनरलचा परवाना लागतो, आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. अमेरिकेत अशा मास्टर चाव्या टपालाने पाठवण्यावर केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, कुलूप बनवणारे, गाड्यांचे डीलर वगैरे ठरावीक लोक सोडून. कॅलिफोर्नियात कुलूप-चावीवाल्याने मूळ चावी समोर नसताना गाडीची चावी बनवून दिली तर त्याला ग्राहकाचं ओळखपत्र बघून तपशील आणि सही नोंदवून ठेवावी लागते.

मला हा रस्ता जास्त पटतो. रस्त्यावर शंभर जणांच्या बॅगा उघडून बघण्यापेक्षा विकणाऱ्याकडे वही ठेवायला लावणं कमी त्रासाचं आणि जास्त उपयोगाचं आहे. शिवाय यंत्र कोणी बनवलं, कोणाला विकलं ही साखळी सापडली तर टोळीच्या वरच्या माणसापर्यंत जाता येतं. अडचण इंटरनेटची आहे, विकणारा एका देशात, सर्व्हर दुसऱ्या देशात, गिऱ्हाईक तिसऱ्या देशात. म्हणून नव्या कायद्यांत आयात हा शब्द मुद्दाम घातलेला असतो, निदान पार्सल सीमेवर आलं की धरता यावं.

गॅरेजवाले आणि संशोधक विनाकारण भरडले जातील का?

जाऊ शकतात. चावीचा प्रोग्रामर, वायरिंग तपासायची साधनं, गाडी बाहेरून उघडायची हवेची उशी आणि पट्टी, हे सगळं रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारे लोक रोज घेऊन फिरतात, आणि ते पण रात्री-बेरात्री. त्यांच्यासाठी कागद महत्त्वाचा. कामाची ऑर्डर, साधन विकत घेतल्याचं बिल, जिथे परवाना पद्धत आहे तिथे परवाना, आणि ज्याची गाडी उघडली त्याची ओळख तपासल्याची नोंद. हे कागद असले की कायदेशीर कारण दाखवणं दोन मिनिटांचं काम आहे.

संशोधकांची गोष्ट जास्त नाजूक आहे. २०१३ मध्ये काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी मेगामोस क्रिप्टो नावाच्या चिपमधला दोष शोधला, ती चिप अनेक कंपन्यांच्या गाड्यांच्या चाव्यांत होती. फोक्सवॅगन इंग्लंडच्या हायकोर्टात गेली आणि कोर्टाने निबंध छापायला मनाई केली, चोरांना वाट सापडेल म्हणून. शेवटी थोडा मजकूर गाळून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दावा हत्यारांच्या कायद्याखालचा नव्हता हे खरं, पण मुद्दा तोच आहे, दोष दाखवून देणाऱ्याला अडवलं की दोष जात नाही, तो फक्त गाडीच्या मालकाला कळत नाही. संशोधनाला स्पष्ट शब्दांत सूट नसलेला कायदा मला अर्धवट वाटतो.

भारताच्या कायद्यात काय आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात कलम ३०३ खाली चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कलम ३०५ खाली माल किंवा प्रवासी वाहतुकीचं वाहन चोरलं किंवा अशा वाहनातून सामान चोरलं तर ७ वर्षांपर्यंत. संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये वाहनचोरीचं नाव घेतलंय आणि किरकोळ संघटित गुन्ह्यांच्या कलम ११२ मध्ये गाडीतून होणाऱ्या चोरीचं. पण गाडी फोडायचं साधन नुसतं जवळ असणं असा वेगळा गुन्हा संहितेत नाही. त्याच्या जवळ जाणारं कलम राज्याच्या कायद्यात मिळतं, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडणं, आणि कारण सिद्ध करायचा भार त्या माणसावरच. शब्द घरफोडीचे आहेत, गाडीचा उल्लेख नाही, आणि दुपारी बारा वाजता पकडलेल्या माणसाला ते लागू होत नाही. १९५१ मध्ये चोर रात्री घर फोडायला येतो एवढंच डोळ्यासमोर होतं, रेडिओ सिग्नल पळवायला दिवस-रात्र सारखीच.

कायदा कडक केला की चोऱ्या थांबतात?

थोड्याफार कमी होतात असं म्हणता येईल, टोळीचं सामान जप्त होतं, माणसं आत जातात. पण सगळा भरवसा कायद्यावर ठेवणाऱ्यांनी अमेरिकेतली यूएसबी केबलची गोष्ट बघावी.

२०२१-२२ च्या सुमारास तिथे सोशल मीडियावर व्हिडिओ पसरले की ह्युंदाई आणि किआच्या काही गाड्या साध्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करता येतात. चोऱ्यांची लाट आली, अपघात झाले, माणसं मेली. आता सांगा, कुठल्या हत्यारावर बंदी घालायची? केबल सगळ्यांच्या खिशात आहे. खरं कारण केबल नव्हतीच, त्या गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. इमोबिलायझर म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा. कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची होती, अमेरिकेत नव्हती. त्यामुळे त्याच कंपन्यांच्या गाड्या सीमेच्या एका बाजूला केबलने सुरू होत होत्या आणि दुसऱ्या बाजूला नाही. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर अपडेट जाहीर करावा लागला.

युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम मोजला, गाडीचोरीचं प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं होतं. एवढा फरक कुठल्याही हत्यारबंदीने पडल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आणि आता ती २०११ ची तारीख. चावी खरंच जवळ आहे की नुसता तिचा सिग्नल पोचवला जातोय हे ओळखायचं तंत्र आज उपलब्ध आहे, अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात त्याला, सिग्नल जाऊन यायला किती वेळ लागला यावरून ते अंतर मोजतं आणि मध्ये कोणी निरोप फिरवला तर वेळ वाढलेला कळतो. काही कंपन्यांनी चावीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला, ती काही मिनिटं टेबलावर निपचित पडली की उत्तर देणं बंद करते. या गोष्टी काही मॉडेल्समध्ये आल्यात, सगळ्यांत नाही. दोष जाहीर होऊन एवढी वर्षं झाल्यावरही रिले अटॅकला बळी पडणारी गाडी विकली जात असेल, तर यंत्र बाळगणाऱ्याला ५ वर्षं आणि तशी गाडी विकणाऱ्याला काहीच नाही ही मांडणी मला एकांगी वाटते. इमोबिलायझर सक्तीचा करताना कायद्याने कंपन्यांना जसं सांगितलं तसं अंतर मोजणाऱ्या चावीबद्दलही सांगता येईल, त्यासाठी कोणाच्या बॅगेत हात घालावा लागत नाही.